पिवळी रेघ

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोणावरही विश्वास ठेवत नाहीत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगतो. काही माणसं उंच असतात, काही बडबडी असतात, तसे दाजी संशयी आहेत. भाजीवाल्यानं एक लिंबू जास्त टाकलं तर ते आधी बाकीची लिंबं दाबून बघतात. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाच्या ऑफिसात जाऊन त्यांनी हजेरीपुस्तक बघायला मागितलं होतं. ते मिळालं नाही, तेव्हा सलग चार सकाळी समोरच्या फुटपाथवर उभं राहून तो किती वाजता आत शिरतो ते त्यांनी टिपून घेतलं. चारही दिवस तो वेळेच्या दहा मिनिटं आधी आला. दाजी घरी येऊन म्हणाले, "इतका वेळेवर कोणी येत नाही. त्याला कुणीतरी कळवलंय."

या स्वभावाचं त्यांनी पोटापाण्याचं साधन केलं, हे मात्र मानलं पाहिजे. पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते अडतीस वर्षं तपासनीस होते. फिटर नट आवळायचा, मग दाजी त्यावर पाना लावून एकदाच हलका दाब द्यायचे. नट पुरेसा घट्ट असला की तीन केसांच्या ब्रशनं नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढायचे. पुढे कोणी तो नट फिरवला, किंवा तो आपसूक सैल झाला, की रेघ मोडलेली दिसते. रेघ सरळ असेल तर नट जागेवर आहे. कारखान्यात त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं. सगळे त्यांना 'पिवळी रेघ' म्हणत, अगदी पगाराच्या रांगेतसुद्धा.

नट किती घट्ट आहे हे मोजायला एक खास पाना मिळतो. ठरलेल्या जोरापर्यंत फिरवला की तो 'टक' असा आवाज करून थांबायला सांगतो. दाजींनी तो कधी हातात धरला नाही. "पाना बरोबर आहे हे कोण तपासणार?" असं ते म्हणायचे. एका नव्या साहेबानं हट्टानं त्यांनी पास केलेले तीस नट त्या पान्यानं तपासले होते. तीसच्या तीस बरोबर निघाले. तेव्हापासून दाजींचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे त्यांचा स्वतःचा उजवा हात. त्या हातानं त्यांनी माझ्याशी पहिल्यांदा हस्तांदोलन केलं तेव्हा घरी जाईपर्यंत मी बोटं मोजत होतो.

ताई तितकीच साधी. ती घरी शिवणकाम करते. डावखुरी असल्यामुळे तिची कात्री वेगळी असते आणि तिला कोणी हात लावलेला खपत नाही. बाकी तिचं म्हणणं एवढंच असतं की ज्याला जसं जगायचंय तसं जगू द्यावं. इतकी वर्षं असल्या माणसाबरोबर काढायची तर दुसरं काय म्हणणार?

गाडीचं प्रकरण सुरू झालं ते भाचीमुळे. जावयाची बदली डोंगरावर झाली होती. मध्ये दोन घाट, आणि दुसऱ्या घाटातला उतार असा की वरून येणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकांचा जळका वास खालच्या वळणापर्यंत येतो. भाचीला दिवस गेले. तिचा फोन आला, "आई, शेवटच्या महिन्यात तू हवीस." ताईला बस लागते, अर्ध्या तासात पोटात ढवळतं. दाजी म्हणाले, बस नको, बसच्या ड्रायव्हरचे डोळे कोणी तपासलेत? टॅक्सी नको, तोच प्रश्न. नवी गाडी घ्या म्हटलं, तर म्हणाले, "नव्या गाडीचे नट हल्ली यंत्र आवळतं. यंत्राला कोणी विचारलंय?"

म्हणून त्यांनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. तिचा स्क्रू न् स्क्रू स्वतःच्या हातानं उघडायचा, स्वतःच्या हातानं बसवायचा, आणि मग त्याच गाडीतून बायकोला घाट चढवून उतरवायचा. हाताशी चार महिने होते. माझ्या डोळ्यांसमोर तो उतार आला. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा द्यायचा.

गाडी मिळाली एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे. लहानशी चार दारांची, एकेकाळी पांढरी, नऊ वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. चारही टायर जमिनीला चिकटून चपटे झालेले. डॉक्टर जाड चष्म्यातून आमच्या खांद्यांच्या मधोमध बघत बोलत होते. दाजींनी विचारलं, "नऊ वर्षं का उभी ठेवलीत?"

डॉक्टर म्हणाले, "एकदा घरी येताना समोरचा दिवा लाल आहे की हिरवा, ते कळायला मला जरा वेळ लागला. घरी आलो, गाडी लावली आणि किल्ली ठेवून दिली. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच कळलं."

दाजींनी मान डोलावली, पण गेटाबाहेर पडताच माझा दंड धरला. "ऐकलंस? एकही टक्कर नाही, काही नाही, आणि माणूस आपण होऊन गाडी बंद करतो? असं कोणी करतं का? त्यानं कोणाला तरी ठोकलंय. गाडी लपवून ठेवली होती नऊ वर्षं."

"मग कशाला घेताय?"

"तो काय लपवतोय ते सापडेल म्हणून."

गाडी टेम्पोवर लादून घरी आणली आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ठेवली. मग दाजींनी तिची चौकशी सुरू केली. मुद्दामच चौकशी म्हणतो, दुरुस्ती तिथून फार लांब होती. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यांनी गाडीच्या अंगभर फिरवलं. कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग दिला असेल तर तिथे चुंबक धरत नाही. ते सगळीकडे धरलं. दाजींचा चेहरा आणखी गंभीर झाला. "काम फार सफाईनं केलंय," ते म्हणाले. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराचं घरटं निघालं, ते दवाखान्यातल्या कापसाच्या छोट्या छोट्या सुरळ्यांचं होतं. तेसुद्धा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. कशाचा पुरावा म्हणून, ते मी विचारलं नाही.

माझं काम चिठ्ठ्या पुरवायचं. मी छापखान्यात कटिंग मशीनवर आहे, सकाळची पाळी. कापून उरलेल्या जाड कागदाची कार्डं मी त्यांना छापून दिली. वर 'भाग', मग 'आवळणारा', मग 'तपासणारा', प्रत्येकासमोर मोकळी जागा. दाजींनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "दोन जागा कशाला? दोन्हीकडे मीच." तरी त्यांनी दोनशे कार्डं ठेवून घेतली. महिन्याभरात गाडीच्या प्रत्येक सुट्या भागाला दोऱ्यानं एकेक कार्ड लटकू लागलं आणि प्रत्येकावर दोनदा लिहिलेलं असायचं, 'स्वतः', 'स्वतः'.

एक गोष्ट मात्र खरी, हात लावतील त्या कामाची ते पूजा करत. सडलेल्या ब्रेकच्या नळ्या काढून नव्या वाकवल्या, आणि वाकवताना प्रत्येक वळणाखाली जुनी नळी धरून बघितली. विटलेलं पेट्रोल काढलं, टाकी चार वेळा धुतली. सीट बाहेर काढून भिंतीला उभ्या केल्या. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडल दाबायला आणि दुसरा चाकाजवळ आडवा होऊन झडप सैल करायला. पेडलवर मी होतो.

"दाब." मी दाबलं. "धर." मी धरलं. "पूर्ण दाबलंयस?"

"पूर्ण दाबलंय."

"आवाज आला नाही."

"कसला आवाज?"

"पूर्ण दाबणाऱ्या माणसाचा श्वास बदलतो. उतर, दाखव कुठे पाय ठेवला होतास."

अशा दोन दुपारी माझ्या पायाची उलटतपासणी झाली. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, पोट सुटलेला, हसरा माणूस, कुंपणापाशी येऊन म्हणाला, "काका, एक मशीन आहे माझ्याकडे, दहा मिनिटांत हवा निघते." दाजींनी त्याचे आभार मानले आणि तो गेल्यावर शेडला दुसरं कुलूप लावलं.

आता खरी गोष्ट. काम सुरू होऊन दोन महिने झाले असतील. मी पाळी संपवून गेलो तर दाजी गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला भिंग घेऊन बसले होते. चाक काढलेलं होतं, गाडी लोखंडी स्टँडवर उभी होती. त्यांनी मला खाली बसवलं आणि आत बोट दाखवलं. तिथे दोन मोठे बोल्ट असतात, पुढच्या ब्रेकचा अख्खा ठोकळा त्या दोघांवर टांगलेला असतो. दोन्ही बोल्टांवर पिवळी रेघ होती. सरळ, न मोडलेली.

"काय दिसतंय?"

"रेघ."

"कोणाची?"

दाजी भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी रेघ ओढतो ती बोल्टाकडून लोखंडाकडे. ब्रश उचलताना शेवटी उजवीकडे एक शेपूट राहते, अगदी बारीक. अडतीस वर्षं राहतेय. ही बघ. हिची शेपूट डावीकडे आहे. ही रेघ माझी नाही."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला पाणी पाजून झोपवलं असतं. पण भिंगातून मलाही दिसली. जरा जाडसर, आणि शेवटी डावीकडे वळलेली. कोणीतरी दाजींची रेघ पुसून त्या जागी स्वतःची ओढली होती. म्हणजे बोल्टाला हात लावला होता. ब्रेकच्या बोल्टाला.

दोन महिन्यांनी माझी बहीण या गाडीत बसून तो उतार उतरणार होती.

पुढच्या आठवड्यात उजव्या बाजूलाही दोन रेघा बदलल्या. मग स्टिअरिंगच्या सांध्यावरची एक. दाजींनी वहीत संशयितांची यादी केली. पहिला गॅरेजवाला, कारण त्याला मदत नाकारल्याचा राग असणार. शिवाय परवा तो रस्त्यात म्हणाला होता, "काका, पुढच्या चाकांचं काम आता नीट झालं ना?" पुढच्या चाकांचं काम चाललंय हे त्याला काय माहीत? दुसरे डॉक्टर. का, तर गाडी रस्त्यावर आली की जुनं प्रकरण उघडकीला येईल. तिसऱ्या नावावर त्यांनी तळवा ठेवला होता, पण बोटांच्या फटीतून अक्षरं दिसत होती आणि नाव माझं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्डं द्यायला नेहमीसारखा शेडमध्ये शिरलो, तर जमिनीवर खडूची पूड पसरलेली. मी आत चार पावलं टाकली आणि मागून दाजींचा आवाज आला, "डाव्या टाचेला झिजलेली चप्पल."

"दाजी, मी आत्ता तुमच्यासमोर आत आलोय."

"आत्ता, हो. पण शेडमध्ये किती पावलांवर काय आहे ते तुला न बघता कळतं. चार पावलं सरळ टाकलीस, खाली बघितलंही नाहीस."

माझं डोकं फिरलं. तीस वर्षं या माणसाच्या घरी चहा पितोय, याच्यासाठी उभ्यानं कार्डं कापतोय, आणि हा माझ्या टाचा मोजतोय. मी कार्डं तिथेच पुडीवर टाकली. "ताईला सांगा, मी येणार नाही," म्हणालो आणि निघालो. ताई खिडकीत मशीनवर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. मला वाटलं, नवऱ्याची लाज वाटतेय. ते मला तेव्हा वाटलं, एवढंच.

चार दिवस मी गेलो नाही. पाचव्या दिवशी पाळी सुटताना छापखान्याच्या दारात दाजी उभे. आत येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत, हात मागे बांधून.

"तू चार दिवस आला नाहीस," ते म्हणाले.

"नाही आलो."

"काल आणखी दोन रेघा बदलल्या. म्हणजे तू नाहीस."

या माणसाच्या तोंडून निघालेली ती माफी होती आणि तिच्यापेक्षा मोठी मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. मी चप्पल घातली. वाटेत त्यांनी बेत सांगितला. सगळ्या बदललेल्या रेघा दुपारच्याच, त्यांच्या झोपेच्या वेळच्या. तेव्हा आज घरी सांगायचं की आम्ही दोघं छापखान्यात कार्डं बघायला चाललोय. रस्त्यानं पुढे जायचं, मागच्या बोळातून परत यायचं, शेडच्या मागच्या छोट्या दारानं आत शिरायचं आणि उभ्या केलेल्या सीटांमागे ताडपत्री ओढून बसायचं.

ताईनं आम्हाला दारापर्यंत येऊन निरोप दिला. "सावकाश या," म्हणाली.

ताडपत्रीखाली उकडत होतं आणि डॉक्टरांच्या दवाखान्याचा जुना वास अजून त्या सीटांना होता. दाजी माझ्या शेजारी पाना हातात घेऊन बसले होते, आवळायला नव्हे. दहा मिनिटं गेली असतील. दोन्ही कुलपांमध्ये एकामागून एक किल्ली फिरली. चोराकडे दोन्ही किल्ल्या होत्या. दाजींनी माझ्याकडे बघितलं. गॅरेजवाला, मी मनात म्हटलं, आता याची धडगत नाही.

दार उघडलं आणि ताई आत आली.

हातात तिची शिवणाच्या कापडांची पिशवी. तिनं दार लोटून घेतलं, पिशवीतून एक उशी काढून जमिनीवर ठेवली, चष्मा लावला, आणि पिशवीतूनच एक लांब पाना काढला. त्याच्या दांड्यावर गॅरेजवाल्याच्या दुकानाचा लाल पट्टा होता. मग ती उशीवर गुडघे टेकून बसली. आदल्या दिवशी दाजींनी खोलून पुन्हा आवळून नवी रेघ ओढलेला तोच डावीकडचा बोल्ट. रॉकेलच्या बोळ्यानं तिनं रेघ पुसली, पाना लावला, आणि दोन्ही हातांनी जोर दिला.

बोल्ट फिरला. थोडाथोडका नाही, चांगला पाव फेरा फिरला. मग पाना म्हणाला, टक.

दुसरा बोल्ट. पाव फेरा. टक.

मी दाजींकडे बघायचं टाळलं. त्या शेडमध्ये ताईच्या श्वासाचा आवाज होता, आणि तो पाना. टक म्हणण्याआधी प्रत्येक वेळी तो जितका फिरत होता, तितका दाजींचा हात खोटं बोलला होता. ताईनं पिशवीतून छोटा ब्रश काढला, डाव्या हातात धरला आणि जीभ दातात धरून रेघ ओढली. शेपूट डावीकडे. माझी सख्खी बहीण, लहानपणी एकाच पाटीवर आम्ही लिहिलं, आणि भिंगातून बघूनही मला तिचा हात ओळखू आला नव्हता.

तेवढ्यात दाजींनी माझं मनगट धरलं. आता हे उठतील, ओरडतील असं मला वाटलं आणि मी हात सोडवून घ्यायला गेलो. हात लगेच सुटला. काहीच जोर लावावा लागला नाही. त्यांनी पुन्हा धरलं, घट्ट धरलं असावं, कारण त्यांच्या मानेची शीर फुगली होती. माझ्या मनगटावर मात्र लहान मुलानं धरावं तेवढंच कळत होतं.

त्यांनाही ते कळलं. ते माझ्या मनगटावरच्या आपल्या बोटांकडे बघत राहिले. ताई उशी झटकून, पिशवी भरून, कुलपं लावून गेली तरी आम्ही तसेच बसून होतो.

त्या संध्याकाळी मी तिथेच थांबलो, जायला पाय निघेना. ताईनं चहा ठेवला. दाजी टेबलापाशी आले, फळीवरून साखरेची काचेची बरणी उचलली, झाकण लावलेलं होतं तरी पुन्हा पिळलं, दात ओठ खाऊन पिळलं, आणि बरणी तिच्यापुढे सरकवली.

"उघड."

ताईनं बरणीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिला काय कळलं आणि किती कळलं, मी सांगू शकत नाही. तिनं बरणी पोटाशी धरली, झाकणावर हात ठेवला, खांदा उचलला, तोंड वाकडं केलं. "उघडत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही लावलेलं झाकण मला कधी उघडलंय का? तुम्हीच काढून द्या."

उभ्या आयुष्यात दाजींनी शेकडो माणसांना खोटं बोलताना पकडलं होतं, त्यातली निम्मी तरी खरं बोलत असतील. या वेळी त्यांनी पकडलेलं खोटं अगदी शंभर टक्के खोटं होतं. आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली आला.

"उघड. नाटक नको."

ताईनं दोन बोटांनी झाकण फिरवलं. ते सहज निघालं. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि चहात साखर घालू लागली, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. आधी बरण्या, मग नळ. नळ तुम्ही बंद केला की ठिबकायचा."

"वॉशर बदलला मी त्याचा. तीन वेळा."

"हो."

"गॅरेजवाल्याला सांगितलंस, मला नाही?"

"त्याला एवढंच सांगितलं की पाना हवाय. त्यानं किती जोराला लावायचा ते शिकवलं. पुढचं त्याचं त्यानं ओळखलं असेल." तिनं कप त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्हाला काय सांगायचं होतं? तुमचा माझ्या भावावर विश्वास नाही, जावयावर नाही, नळाच्या वॉशरवर नाही. एक तेवढा हात होता. तो पण मीच काढून घेऊ?"

मी कपात बघत बसलो. दाजींनी चहा घेतला नाही, कप बाजूला सरकवून म्हणाले, "तो दातांचा डॉक्टर. सबंध व्यवहारात त्यानं एकच गोष्ट सांगितली, आणि तेवढीच मला खोटी वाटली."

दोन दिवस ते शेडकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताईला बरोबर घेऊन दवाखान्यात गेले. हाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात शीर दबलीय, अडतीस वर्षांच्या पान्यांनी. गाडी चालवायला हरकत नाही, पण पान्याला हात लावायचा नाही. परत येताना दाजी कोपऱ्यावर थांबले, गॅरेजवाल्याला म्हणाले, "तो पाना आणखी महिनाभर लागेल." त्यानं विचारलंही नाही कोणाला. ते शेडमध्ये गेले आणि पहिली गोष्ट केली ती ही की उंदराच्या घरट्याची पिशवी कचऱ्यात टाकली.

उरलेलं काम दोघांनी केलं. दाजी स्टुलावर बसून सांगायचे, ताई उशीवर बसून आवळायची. गाडीचा एकूण एक नट त्यांनी तिच्याकडून पुन्हा आवळून घेतला आणि प्रत्येक वेळी किती फिरला ते मोठ्यानं मोजलं, स्वतःला शिक्षा द्यावी तसं. "पाव. पाव. अर्धा." अर्धा आला त्या दिवशी ते लवकर उठून घरात गेले. रेघ ताईच ओढायची. पहिल्या दिवशी त्यांनी आपला तीन केसांचा ब्रश तिच्याकडे दिला तेव्हा तो कसा धरायचा ते दाखवायला हात पुढे केला, तिच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि मागे घेतला.

निघायच्या सकाळी मी लवकर गेलो. गाडी पांढरी झाली होती, अगदी नवी नाही, पण अंघोळ केल्यासारखी. भाचीसाठीचं गाठोडं मागच्या सीटवर होतं. ताई दार उघडून बसत होती. दाजींनी जुन्या सवयीनं चारही चाकांपाशी वाकून रेघा बघितल्या, सगळ्या शेपट्या डावीकडे. मग स्टिअरिंगला दोऱ्यानं बांधलेलं कार्ड सोडून त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे तुझ्याकडे ठेव. काम संपलं."

मी वाचलं. भाग, 'संपूर्ण गाडी'. आवळणारा, 'ही'. तपासणारा या शब्दापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"दाजी, ही जागा राहिली," मी म्हणालो. "पेन देऊ?"

त्यांनी कार्डाकडे बघितलं, मग आत बसलेल्या ताईकडे. ती पट्टा लावत होती.

"राहू दे रिकामी," ते म्हणाले, आणि गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली.